सर्व्हे नंबर एकशे बारा, पोटविभाग तीन

कागदावर ती अजून आहे.
चारशे चाळीस चौरस मीटर.
पूर्वेला वाट, दक्षिणेला इनासियोचे माड,
पश्चिमेला समुद्र, उत्तरेला नदी.
जुन्या नकाशात त्या दोघांनाही
एकेक सरळ रेघ मारून गप्प बसवलेलं.

तळपणच्या मुखाशी पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती.
कुतिन्हो साहेब वर, तिवईवर यंत्र लावून.
मी काठी घेऊन आत.
माझं काम एवढंच,
सांगतील तिथं जायचं, काठी सरळ धरायची.

पहिला कोपरा मांडीभर पाण्यात निघाला.
दुसरा छातीभर.
तिसऱ्याला साहेबांनीच हात हलवून परत बोलावलं.
चौथ्यावर सुरूचं झाड आडवं,
मुळं वर, मुळांत एक निळी चप्पल
आणि हद्दीचा दगड, कलंडलेला,
त्यावरचा बाण आभाळाकडे.

"हलू नको रे!"
मी हलत नव्हतो.
लाट परतताना टाचेखालून मूठ मूठ वाळू नेत होती.
साहेबांचा आकडा वाचून होईस्तोवर
मी दोन बोटं बुटका.

सुकांती पागी काठावर उभी, कासोटा वर खोचून.
तिला कशाचंच नवल नव्हतं.
"थंय पळय," म्हणाली, "थंय गेला म्हजो जागो."

पलीकडे, नदीच्या तोंडात,
एक नवा दांडा वर आला होता.
दिवाळीला नव्हता.
त्याच्यावर कुणाचं पाऊल नाही,
कुर्ल्यांनी वळून ठेवलेले वाळूचे बारके गोळे
आणि मर्यादवेलीचं एक हिरवं टोक.
मर्यादवेल! कुणी ठेवलं असेल हे नाव?
अलीकडच्या कड्यावर तिचीच मुळं
हवेत लोंबत होती.

सासूच्या वेळी नदी देवळामागून वळायची, सुकांती सांगत होती.
मग इथून फुटली. मग बुजली.
झिलूनं इथंच रापणीची खोप घातली,
आठ वर्षं टिकली.
एका आषाढात खोप गेली, जाळं वाचलं.
पुढं जाळं होतं, झिलू नव्हता.
"चार पावसांनी परत यायची जागा.
हल्ली उशीर करते.
वर रात्री होड्या रेती भरतात ना,
तिला यायला अंगात काही उरत नाही."

साहेब म्हणाले, ते आपल्या कामात येत नाही.
मग जरा वेळानं, चष्मा पुसत,
"बाई, जागाच नाही तर मोजणी कशाला मागितली?"

ती त्यांच्याकडे बघत राहिली,
शाळेत उशिरा आलेल्या पोराकडे बघावं तशी.
"परत आली तर ओळखायला नको?"

पीक या रकान्यात साहेबांनी आडवी रेघ ओढली.
शेऱ्यात लिहिलं, जागा पाण्याखाली.
पेन बंद केलं. पुन्हा उघडलं.
ओळीच्या आधी, चिमटून, 'सध्या' घातलं.

आम्ही यंत्र पेटीत भरत होतो
तेव्हा ती पाण्यात उतरली,
पहिल्या आणि दुसऱ्या कोपऱ्याच्या मधे,
पायाच्या बोटांनी तळ चाचपत.
वर आली ती पिशवीभर तिसऱ्या घेऊन.
"घे. म्हज्याच जाग्यातल्यो."

साहेब मासे खात नाहीत शुक्रवार सोडून,
आणि तो दिवस मंगळवार.
सगळी पिशवी माझ्याकडे आली.

रात्री घरी पातेल्यात मिठाचं पाणी करून
त्या भिजत ठेवल्या.
अंधारात मधूनच टिक्, टिक्,
शिंपल्या उघडत होत्या, मिटत होत्या.
सकाळी बघितलं तर तळाशी चमचाभर वाळू,
करडी, बारीक, अभ्रकाचा एखादा कण चमकणारी.

मी काही म्हणायच्या आत
बायकोनं ती कढीपत्त्याच्या कुंडीत ओतली.