पाठ टाचण

आमची शाळा भरते टेबल पुसल्यावर.
लापशीचा एखादा वाळका ठिपका राहतोच.
एफी त्याला बेट म्हणते,
आणि त्याला नाव देऊन वहीत लिहून ठेवते.
टेबलाच्या या टोकाला शिलाई मशीन,
त्या टोकाला पुस्तकं,
मधे पाव, किटली आणि बटणांची बरणी,
जिच्यावर आमचं सगळं गणित चालतं.
हातचा एक म्हटलं
की रूफस खरंच एक बटण मुठीत घेतो
आणि परत करत नाही.

न्यूफाउंडलंडच्या या खाडीतली शाळा बंद झाली
तेव्हा पटावर नऊ मुलं होती.
आता बस दीड तास जाते, दीड तास येते,
रस्ता गोठला की कुठेच जात नाही.
क्लेम म्हणाला, तूच शिकव की.
म्हणाला, आणि बोटीवर निघून गेला.

शिकवायला मी कुठे शिकले नाही.
मला उसवता येतं.
चुकलेली टीप, कापड न फाटू देता,
एकेक टाका उचलून काढायची,
एवढा एकच धडा मी डोळे मिटून देईन.

एफीला टेपवरचे इंच कळले, त्यातून अपूर्णांक कळले:
पाऊण, सव्वा, दीड, अडीच.
पाऊण इंच शिवणीला सोड म्हटलं
तर विचारते, सोडलेलं जातं कुठे?
आत जातं गं. आतच राहतं,
अंग वाढलं की बाहेर काढायला.

रूफस सहाचा झाला, सातचा होत आला.
अक्षरं त्याच्याकडे येत नाहीत.
फेल्टची कापून दिली, तर ती खिशात घालून हिंडतो,
उशाखाली घेऊन झोपतो, वाचत मात्र नाही.
एक अक्षर उलटं धरलं की दुसरंच होतं,
यात त्याला लबाडी दिसते.
मोजा उलटला तरी मोजाच असतो ना, म्हणतो.
मला उत्तर सापडलेलं नाही.

बोर्डाचं पत्र आलं: मुलाची प्रगती कळवावी.
खाली चौकट, आगपेटीएवढी.
तिच्यात काय लिहू?
की किटलीच्या आवाजावरून तो सांगतो
आत पाणी किती उरलंय?
की बॉबिन भरताना श्वास रोखून धरतो,
जणू दोरा त्याच्यातूनच निघतोय?
पत्र पिठाच्या डब्याखाली सरकवलं.

गुरुवारी सासऱ्यांचा लोकरी कोट पसरला,
सगळा उसवून, धुऊन, इस्त्री करून.
त्यातून रूफसचं जाकीट निघणार होतं, जेमतेम.
चुकलं तर दुसरं कापड नाही.
कागद टाचले. बाहेर वारा असा की
खिडकीची काच बोलत होती.
रात्रभर धाकटीला खोकला, डोळ्यांत वाळू.
मी कात्री लावली.

रूफस टेबलापलीकडे उभा होता,
कागदावरची अक्षरं त्याच्या बाजूने डोक्यावर उभी.
बोट ठेवत म्हणाला,
घ... डी.
मग, इथे... का... पू... नका.

कात्रीचं तोंड उघडंच राहिलं. माझंही.
एफीने पेन्सिल ठेवली.
कुणीच काही बोललो नाही,
जसं कुंपणावर पक्षी बसला की बोलत नाहीत.

तो टेबलाला वळसा घालत गेला.
बाही, वाचलं. कॉलर, अडखळून.
मोठ्या तुकड्याशी थांबला
आणि वाचलं: पाठ.
मग स्वतःच्या पाठीला हात पुरतो का ते पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी मी हावरटासारखं पुस्तक पुढे केलं.
त्याने दोन पानं उलटली.
यात कापायचं काय आहे, म्हणाला,
आणि बटणांच्या बरणीकडे गेला.

जाकिटाला खिसे राहिले होते.
घरात कोरा कागद नव्हता,
तेव्हा बोर्डाचं पत्र काढून
त्याच्या पाठीवर खिसा आखला.
रूफसने त्यावर जाड पेन्सिलीने लिहिलं:
खिसा. दोन पाहिजेत.
एक अक्षर उलटं होतं.
मी उसवलं नाही.