खांदेपालट

तेलावीत आमच्या गल्लीत पहाटे चारला तोने पेटते.
तोने म्हणजे मातीची भट्टी, रांजणासारखी,
निखारे तळाशी.
मी तिच्या तोंडावर कमरेत वाकतो,
उजवा हात खांद्यापर्यंत आत,
आणि होडीसारखी ओढलेली कणीक भिंतीवर थापतो.
एकतीस वर्षं. रोज तीनशे पाव.
हिशेब मी कधी ठेवला नाही.
खांद्याने ठेवला.

सुरुवात काही मोठी नव्हती.
कोट चढवताना बाही सापडेना.
त्सियाला म्हणाली, वय झालं तुझं, एल्गुजा.
मग त्या कुशीवर वळलो की जाग,
जणू हाडात कोणी उंदीर पाळलाय.
केस विंचरायचे तर डोकंच कंगव्याकडे न्यायचो.
आणि एका पहाटे
पाव भिंतीला चिकटायच्या आत हात गळाला.
कणीक निखाऱ्यात. करपट धूर.
जाबा हसला,
माझं तोंड बघून थांबला.

डॉक्टर इरमाने काळा फोटो उजेडावर धरला.
बशीवर सफरचंद ठेवावं तसा हा सांधा, ती म्हणाली,
बशी उथळ, सफरचंद मोठं.
ते घरंगळू नये म्हणून चार स्नायू
पुढून, वरून, मागून धरून बसतात,
टोकं एकमेकांत विणलेली, शर्टाच्या कफासारखी.
हा वरचा. हाडाच्या छपराखालून जातो.
इथे विरलाय. आणि इथे
(पेन थांबलं)
अर्धा फाटलाय.

मी म्हटलं, पण माझा हात वर जातच नाही,
खाली जातो, भट्टीत.
ती म्हणाली, उलटा तू होतोस.
खांद्याला आकाश कुठे आहे ते कळत नाही.

शिवता येईल?
येईल. पण आधी न शिवता बघू.
बाकीचे तिघे काही मेलेले नाहीत.

फेब्रुवारीत शाल्वा गेला.
भट्टीत पहिल्यांदा माझा हात धरून घालणारा.
ज्याने हाताला वळण लावलं त्याला खांदा द्यायचा,
आणि माझ्याकडे खांदाच नव्हता.
लोक अडचणीत हात वर करतात,
मला तेवढंही जमणार नव्हतं.
नेहमीच्या बाजूला उभा राहिलो, घाम फुटला.
जाबाने एक शब्द न बोलता
मला पलीकडे ढकललं, स्वतः माझ्या जागी आला.
डाव्या खांद्यावर शाल्वा हलका लागला.
किंवा डाव्याला त्याचं वजन माहीतच नव्हतं.
जेवणावळीत पेला डाव्या हाताने उचलला.
म्हाताऱ्या वख्तांगने भुवई चढवली,
मग त्यानेही डाव्या हातात घेतला.
वाइन सांडली त्याची, सगळी मिशीवर.

आता जाबा थापतो, मी कणीक तोलतो.
दाराच्या मुठीला लाल रबरी पट्टी,
कोपर बरगडीला टेकवून ओढायची, पंधरादा.
पाहुण्यांना वाटतं गाय बांधायची होती.

आणि चौकट.
तिच्यावर नेस्तानच्या उंचीच्या रेघा, पेन्सिलीच्या,
वाढदिवसागणिक.
इरमा म्हणाली, बोटं भिंतीवर चढव, कोळी चढतो तशी.
मी चौकटीवर चढवतो.
पहिल्या दिवशी सातव्या वर्षापाशी दम संपला.
शेजारी लिहिलंय: पुढचा दात पडला.
दहाव्यापाशी, नेमकं खांद्याएवढ्या उंचीवर,
ठणका थेट दंडात उतरायचा.
दहा ते अकरा, एवढ्याला सगळा मार्च गेला.
नेस्तान फोनवर विचारते, कितवीत आहेस, बाबा?
(ती पोलंडमध्ये ट्राम चालवते.)
बारावं लागलंय, मी सांगतो.
ती म्हणते, सांभाळ,
त्या वर्षी मी फार रडायचे.

काल सोळापर्यंत पोचलो.
त्यानंतर तिने मोजू दिलं नव्हतं.
वर कोरं लाकूड आहे, हातभर.
कानामागची पेन्सिल मी उजव्या हातानेच काढली
आणि ते लक्षात आलं
बऱ्याच वेळाने, कणीक मळताना.