मीठ खाणारं गाव

माद्रिदहून आलेलं जोडपं विचारतं,
अंगणातल्या भिंतीला कुठला नळ बसवावा, आमारो?
मोबाइलवर फोटो दाखवतात:
काळाभोर, मखमली,
बगळ्यासारखी मान.
मी चष्मा कपाळावर चढवतो.
सुंदर आहे, म्हणतो. दिवाणखान्यात टांगा.

इथे, कोर्मेत,
वारा कडी न वाजवता आत येतो,
काचांवर जीभ फिरवून जातो.
बाकी जगात माणसं खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
इथे मीठच खातं,
आणि कुणालाही जागत नाही.

दुकानातली पेटी उपडी करतो त्यांच्यापुढे.
हा बघा, वर क्रोमचा मुलामा, आत जस्ताचं ओतकाम.
दुसऱ्याच हिवाळ्यात मूठ हातात आली,
शिळ्या पावाच्या कडेसारखी, भुगा होत.
हा पितळी. दिसायला धडधाकट.
नखाने खरवडा जरा. दिसली गुलाबी?
जस्त निघून गेलं, गुपचूप, कित्येक वर्षं;
मागे राहिलं तांब्याचं पोकळ पोळं.
पितळ उघडं पडतं म्हणतात
ते असं,
पान्याच्या पहिल्या हिसक्याला.

मग स्टेनलेस? बाई विचारतात.
त्याच्यातही जाती आहेत, बाई.
तीनशे चार नंबरचं शहरात शोभतं,
इथे सहा महिन्यांत अंगभर चहाचे डाग.
तीनशे सोळा घ्या. महाग आहे, आधीच सांगतो.
नाहीतर कांसं, बोटींना लावतात तसलं:
हिरवं पडेल, कळकटेल, दगा देणार नाही.
आणि मागचा पाइप लोखंडी असेल तर आधी तो काढू.
दोन धातू शेजारी, मध्ये खारं पाणी,
की एक दुसऱ्याला खात बसतो.
लग्नाबद्दल मी अवाक्षर काढलं नव्हतं.
ती दोघंच हसली.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. धंदा आहे.
वरच्या गल्लीत ओब्दुलिया राहते,
लाटा मागे हटल्या की कातळावरून
पेर्सेबेस खरवडून आणणारी.
तिचा नळ साधा पितळी, आठवडी बाजारातला,
एकतीस वर्षांचा.
रोज संध्याकाळी बूट धुऊन झाले, पातं धुऊन झालं,
की एक मग गोडं पाणी ती नळाच्याच डोक्यावर ओतते,
जुन्या मोज्याने पुसते, कानामागेसुद्धा,
आणि मुठीच्या देठाला बोटभर डुकराची चरबी.
तुला हे शिकवलं कुणी? मी विचारलं होतं.
माझे हात नाही धुतले तर चिरतात, ती म्हणाली.
त्याचे काय वेगळे असतील?

ऑगस्टमध्ये तीनशे सोळा बसवला.
सप्टेंबरात ती दोघं गेली.

आता फेब्रुवारी.
किनाऱ्याकडची त्रेचाळीस घरं बंद.
फाटकांच्या किल्ल्या माझ्याकडे,
का जातो ते विचारू नका, पैसे कुणी देत नाही.
नळ लखलखतोय, डाग औषधाला नाही,
पण मूठ हलेना.
धातूला काही झालं नव्हतं.
नुसतं कुणी उघडलं नव्हतं त्याला.

थर्मासमधली कॉफी ओतली मुठीवर,
दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो,
थंडीत एखाद्याचं मनगट धरावं तसा.
कुरकुरला. आधी खोकला आला, नुसती हवा,
मग चहाच्या रंगाचं पाणी, मग नितळ.
रिकाम्या अंगणात वाहू दिलं,
धुवायला कुणाचे पाय नव्हते.
वीसपर्यंत मोजलं.
त्याच्याच पाण्याने त्याला आंघोळ घातली.

पुढच्या फाटकाची किल्ली
जुडग्यात ओळखू येत नाही.
सगळ्या एकाच रंगाच्या झाल्यात,
गंजाच्या.