बारावा प्रश्न

मी फळ्यावर गुण लिहायचे.
एवढ्यावरच माझी साक्ष झाली.

पुरुषोत्तम चिलवेरी, साखर पेठेतला.
वडील जॅकार्डच्या मागावर चादरी विणायचे,
आई विड्या वळायची. हजार विड्यांना किती पैसे
हे सामान्यज्ञान त्याला चौथीतच होतं.

बझरवर त्याचं बोट असं असायचं
जसं चालू मागावर तुटका धागा चाचपणाऱ्याचं,
टेकलेलं, पण दाबलेलं नाही.
"इसवी सन अठराशे…" टर्र. बरोबर.
"असा कोणता पक्षी, जो…" टर्र. बरोबर.
प्रश्नाचं शेपूट सभागृहानं कधी ऐकलंच नाही.
मागच्या रांगेतली पोरं ओरडायची,
काय ओ, पूर्ण वाचू तरी द्या की!

रात्री तो प्रश्न लिहायचा. विकायचाही.
एकाला दोन रुपये, उत्तरासकट.
पुण्याच्या एका परीक्षकानं उपनदी चुकवली
तर पाच पानी पत्र, वर नकाशा,
खाली "आपला नम्र".
शत्रू त्यानं असे पोस्टानं जमवले.

मग ती चौऱ्याण्णवची फायनल.
लाखेचं सील असलेलं पाकीट.
बारा प्रश्नांच्या फेरीत अकरा वेळा टर्र,
एकदा तर सरांनी नुसता श्वास घेतला होता.

तक्रार आली. दोन प्राध्यापक, एक वकील,
बशीत शेंगदाणे, कुणी न खाल्लेले.
प्रश्न त्याचेच निघाले. तीन वर्षांपूर्वी विकलेले,
घेणाऱ्यानं पुढे विकलेले, बार्शी-लातूर करून
दमूनभागून घरी आलेले.
"कधी ओळखलंस?"
"पहिल्यालाच."
"मग उभं राहून सांगायचं होतंस."
"सर, मला कुणी विचारलं नाही."
वकील हसला. वकीलच फक्त.

मला विचारलं, किती?
मी म्हटलं, अकरा.
पाच वर्षं बंदी. ढाल परत. पेपरात चौकट,
आडनावात चूक.

बाराव्याचं कुणी विचारलं नाही.

बाराव्याला त्याचं बोट मांडीवर होतं.
प्रश्न पूर्ण वाचला गेला, त्या संध्याकाळी पहिल्यांदाच:
जॅकार्डच्या पुठ्ठ्यात जिथं भोक असतं
तिथं धागा वर येतो.
जिथं भोक नसतं, तिथल्या धाग्याचं काय होतं?
चारही संघ गप्प. घंटा.
नियमाप्रमाणे प्रश्न प्रेक्षकांकडे गेला.
शेवटच्या रांगेत एक म्हातारा उठला,
शर्टाला कापसाची लव,
आधी तेलुगूत काहीतरी, मग मराठीत:
"खाली राहतो. पण वाया जात नाही साहेब,
मागच्या बाजूनं तोच नक्षी करतो.
चादर उलटी करून बघा."
टाळ्या. बक्षीस साबणाची वडी.
मी फळ्यावर आडवी रेघ मारली
कारण प्रेक्षकांच्या गुणांना रकाना नव्हता.

हे सांगितलं असतं तर तो सुटला असता
का जास्तच अडकला असता?
बोट आवरणाऱ्याला बोट आवरता येत होतं,
हे तर त्यातनं सिद्धच होतं.
मी वकील नाही. तीस वर्षं मी
दोन्ही बाजूंनी गुण देऊन बघते,
बेरीज दर वेळी वेगळी येते.

आता तो स्पर्धा परीक्षांच्या क्लासांना प्रश्नसंच देतो,
नाव न छापता. माझा धाकटा तेच सोडवतो
आणि प्रश्न लिहिणाऱ्याला शिव्या घालतो.

परवा कन्ना चौकात दिसला,
एकेक वांगं उलटून देठ तपासत होता.
मी म्हटलं, "पुरुषोत्तम, तो बारावा…"
माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला,
"वापरली नाही वडिलांनी. अजून ट्रंकेत आहे,
वरच्या कागदासकट."

मला वेगळंच विचारायचं होतं.