तिसऱ्या पायरीवरचा नागिशिओ

एकवीस वर्षं त्याचं डोकं माझ्या हातात होतं.
मी तालमीचा न्हावी. तेल चोळायचं, विंचरायचं,
शेंडीला दोरा आवळायचा, आणि ऐकायचं नाही
असं ठरलेलं असताना सगळं ऐकायचं.

फुकाउराहून आला तेव्हा पंधराचा होता.
बापाची माकुळं धरायची होडी, मनगटं बापाचीच.
वस्ताद म्हणाले, नाव नागिशिओ. निवांत भरती.
शिओ म्हणजे भरती,
आणि लिहिलं नाही, नुसतं बोललं, तर मीठसुद्धा.
पोरगं हसलं. त्याला तेव्हा कुठलंही नाव चाललं असतं.

मीठ उधळायचा मान वरच्या पैलवानांचा.
ते येतात कलत्या दुपारी, झगमगाटात, रेशमी लंगोट कसून,
मूठ भिरकावतात आणि अख्खं सभागृह ओरडतं.
हा उतरायचा सकाळी अकराच्या आत,
काळा सुती लंगोट, रिकाम्या खुर्च्या,
कुणीतरी डबा सोडून बसलेलं,
पंचसुद्धा अनवाणी.
पुकारा. वाकणं. धडक.
चहा निवायच्या आत एक जण मातीत,
आणि मग दोघंही पुन्हा वाकतात.

याचं मीठ पातेल्यात जायचं.
पहाटे पाचला जोर, दहाला कोबी,
मुळा, टोफू, कोंबडीची हाडं,
तीस माणसांचं कालवण, आणि स्वतःचं ताट शेवटी,
तळाशी उरेल त्यात.
विशीतल्या एका पोराची बढती झाली, पगार सुरू झाला,
तर छत्तिशीतला हा त्याची पाठ घासायचा न्हाणीत.
इथं वय विचारत नाहीत.
मी एकदा विचारलं, राग नाही येत?
म्हणाला, पाठ रुंद आहे त्याची, वेळ लागतो.

वर्षातून सहा वेळा मानाचा तक्ता छापून यायचा.
थोरांची नावं ढोलाएवढी,
खाली खाली मुंगीच्या पायांएवढी.
त्याची आई भिंग घेऊन बसायची म्हणे,
आणि सापडलं की पेन्सिलीनं टिंब करायची.
सातांतल्या चार जिंकल्या की टिंब वर,
चार हरल्या की खाली.
बहुतेक टिंबं एकाच वितीत.

एकदा, एकदाच, वरची पायरी लागली.
त्या पायरीवर ओव्हरकोट घालायची मुभा असते,
खालच्यांनी हिवाळासुद्धा पातळ सुती झग्यात काढायचा.
मुभा मिळाली ती जुलैत,
नागोयाच्या उकाड्यात.
दोन जिंकला, पाच हरला.
थंडी पडली तेव्हा कोट कपाटात,
आणि हा झग्यात, बाजाराच्या पिशव्या घेऊन.

शेवटची कुस्ती. तीन जिंकलेल्या, तीन हरलेल्या.
गुडघ्याला पट्ट्या इतक्या की पाय गुंडाळून ठेवल्यासारखा.
समोरचा एकोणीसचा, रेटत रेटत काठाला घेऊन गेला,
आणि त्याच्याच पायाचा अंगठा दोराबाहेर पडला आधी.
जिंकला म्हणायचं तर जिंकला.
टाळी वाजली ती भाजीवाल्या ओकुमुराची,
उधारी बाकी होती म्हणून आला होता, असं तोच सांगतो.

शेंडी कापली त्या दिवशी बायाबापड्या, शेजारी,
दर माणशी एक कात्री, शेवटची वस्तादांची.
मी उरलेले केस सारखे केले.
मान सारखी मागे टाकत होता,
वजन शोधत असल्यासारखी.

रात्री दिवा विझवायला गेलो
तर हा आखाड्याच्या कोपऱ्यात,
सरावाच्या मिठाच्या टोपलीशी.
मूठ भरली त्याने.
मी दारातच थांबलो, श्वास धरून. वाटलं, आता फेकेल.
एकवीस वर्षं मिठाला जागलेला माणूस,
बघणारं कुणी नाही, फेकू दे.

त्याने बोटांनी चुरून पाहिलं,
जिभेला लावलं,
मूठ टोपलीत मोकळी केली.
ओल धरलीये, म्हणाला.
झाकण ठेवत जा रे.