जॉबर

अक्कलकोट रोडला, मागांच्या खडखडाटात
लॅपटॉप उघडून मी चिलवेरी मालकांना सांगतोय :
अँग्युलर असं, रिॲक्ट तसं,
जँगोत ॲडमिन आयतं मिळतं.
टॉवेलची दशी चिमटीत धरून
ते ऐकतात.

मग म्हणतात, आमच्या व्यंकय्यानं एकदा
परदेशी माग आणला. देखणा. पळायचा नुसता.
एक कार्ड जळालं
आणि आठ महिने त्यावर कबुतरं बसली.

"रात्री दोनला बिल अडकलं,
तू गेलेला पुण्याला,
तर सोलापुरात हे खोलणारा कोण आहे बे?"

मी नावं मोजली.
लॅरॅव्हेलची चार पोरं, त्यातलं एक अशोक चौकातच.
बाकीच्यांपाशी बोट थांबलं.

घरी येऊन
माझं आवडतं फोल्डर पुसलं नाही,
नुसतं बंद केलं.
कबुतरांनाही जागा लागते कुठेतरी.