वाट पुसताना

एक डिसेंबरला मी फाटकाला कुलूप लावते,
पंधरा जूनला काढते.
मधल्या काळात आयडाहोचा हा डोंगर
एल्कच्या माद्यांचा, त्यांच्या पोटातल्या पिल्लांचा
आणि थोडासा माझा, कारण चावी माझ्याकडे.

जूनमध्ये कुलूप बहुधा शाबूत असतं.
शेजारचं कुंपण नसतं.
माणूस कुलूप तोडायला लाजतो,
वळसा घालायला नाही.
ओल्या कुरणात चाकांनी काढलेले मोठे मोठे आठ,
काळे, खोल, पाण्याने भरलेले,
आणि त्यात बेडकांची अंडी.
चाकोरी सोडणं ही एरवी कौतुकाची गोष्ट.
इथे दंड दीडशे डॉलर.

शाळेच्या व्यायामशाळेत सभा झाली.
मी नकाशा टांगला. जाड रेघ, गाडी चालेल.
तुटक रेघ, ठरावीक महिने.
जिथे रेघ नाही तिथे रस्ता असला तरी नाही.
हे शेवटचं मला आजवर कुणाला धड समजावता आलेलं नाही.

ऑर्विल स्टँगलंड उठला. उठायला वेळ लागला.
"एकाहत्तर साली बुलडोझरवर मी होतो.
सात मैल. दोन उन्हाळे. एक बोट."
आणि हात वर करून नसलेलं बोट दाखवलं.
"आता गुडघे म्हणतात गाडीने जा,
तू म्हणतेस पायी जा.
मग जंगल काय फक्त चालणाऱ्यांचं?"
टाळ्या पडल्या. माझ्या बहिणीनेही वाजवल्या.
माझ्याकडे उत्तर होतं:
ओढ्यातला गाळ, टनांत. स्टीलहेड माशांची अंडी, शेकड्यांत.
मी ते वाचून दाखवलं,
त्याच्याकडे न बघता.

आदेश निघाला. शेवटचे तीन मैल मोडायचे.
सप्टेंबरात मार्कस आला एक्स्कॅव्हेटर घेऊन,
नेझ पर्स जमातीच्या मत्स्यविभागाचा,
दिवसाला दहा-बारा वाक्यं बोलणारा.
भरावात पहिला दात रुतवला आणि थांबला.
"खालून पाणी वाहतंय. मोरी कुठाय?"

नकाशात मोरी नव्हती. फायलीत नव्हती.
चुकीच्या जागी उकरलं असतं
तर सगळा भराव एका रात्रीत ओढ्यात,
ज्या माशांसाठी हे चाललं होतं
त्यांच्याच डोक्यावर.

मी ऑर्विलच्या दारात गेले.
ज्याची वाट पुसायला निघाले होते
त्यालाच वाट पुसत.
जाळीच्या दारामागे तो बराच वेळ नुसता उभा.
आत कुठेतरी रेडिओवर लाकडाचे भाव.
मग त्याने टोपी घेतली.

फाटक मी उघडलं. वहीत लिहिलं: प्रशासकीय वापर.
पिकअपमध्ये तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला,
दर वळणाला तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत.
नावं असावीत. मी विचारलं नाही.
तिसऱ्या ओढ्याशी म्हणाला, थांब.
"सिडरचे ओंडके आहेत, पोखरून घातलेले.
लोखंडी पाइप वेळेवर आले नव्हते.
त्या फुटक्या खडकापासून अकरा पावलं."
उतरून पाहिलं, पण उतार त्याला झेपेना.
मार्कस मोजायला लागला.
"लांब टाक," ऑर्विल वरून ओरडला,
"तेव्हा मी उंच होतो!"

ओंडके निघाले. बाहेरून काळे, आतून अजून तांबूस,
आणि पन्नास वर्षं जमिनीखाली दाबलेला वास
एकदम सगळीकडे.
पाणी आधी गढूळ आलं, मग बावचळलं,
मग जुन्या दगडांवरून चालू लागलं.
मार्कसने इंजिन बंद केलं.
ऑर्विल गाडीच्या फळीवर बसून होता,
एक ढलपी नाकाशी धरून.

घरापाशी सोडलं तेव्हा त्याने विचारलं,
"जूनमध्ये चार मैलांपर्यंत तरी उघडशील ना?"
"पंधरा तारखेला."
"चौदाला शनिवार आहे."
"पंधराला, ऑर्विल."
त्याने दार आपटलं, मग काचेवर टकटक केली.
मी काच खाली घेतली.
"माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला.
"लिहून घे तुझ्या वहीत."

लिहून घेतलं.